जुनी जिप्सी : क्लचपासून चाकापर्यंतचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं जुन्या मारुती जिप्सीसाठी आहेत. १९८५ च्या अखेरीस आलेली ९७० सीसीची, चार गिअरवाली एमजी ४१०, आणि १९९६ नंतरची १.३ लिटरची, पाच गिअरवाली किंग, दोन्ही यात धरल्या आहेत. इंजिनाबद्दल इथे काही नाही. क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा डबा), शाफ्ट, डिफरेन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा ॲक्सलमधला भाग) आणि चाकं एवढंच. गॅरेजमध्ये पहिला प्रश्न 'गिअरबॉक्स उतरवायचा का?' असा निघतो, तिथेच खर्च वाढतो. दहातल्या बऱ्याच तक्रारींना बॉक्स उतरवावा लागत नाही.

आवाज नेमका कुठून येतो, हे काही न खोलता कळतं का?

बऱ्याचदा कळतं, आणि जिप्सीत तर इतर जीपपेक्षा लवकर कळतं. कारण हिचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नाही. तो चेसिसवर रबरी माउंटिंगवर वेगळा टांगलेला आहे आणि दोघांच्या मध्ये एक आखूड शाफ्ट आहे. म्हणजे गाडीखाली शाफ्ट तीन आणि क्रॉस (शाफ्टच्या टोकाचे, कोनात फिरू देणारे सांधे) सहा. ट्रान्सफर केसला स्वतःचा न्यूट्रल असल्यामुळे ही सगळी साखळी मधोमध तोडून ऐकता येते.

आधी गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, पाय क्लचवरून काढलेला. घरघर ऐकू येते आणि क्लच दाबला की थांबते? गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो? रिलीज बेअरिंग.

आता चाकांना पुढून-मागून उट्या (दगड किंवा ठोकळे) लावा, हँडब्रेक ओढा आणि छोटा दांडा, म्हणजे ट्रान्सफर केसचा, 'एन'वर (न्यूट्रलवर) आणा. उट्या विसरू नका. ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये गेला की गाडी कोणत्याही गिअरमध्ये असली तरी चाकांना धरून ठेवणारं हँडब्रेकशिवाय काही उरत नाही, आणि जुन्या जिप्सीच्या हँडब्रेकवर मी तरी विश्वास ठेवत नाही. मग तिसरा गिअर टाकून क्लच सोडा. गाडी जागेवरच राहील. गिअरबॉक्स, आखूड शाफ्ट आणि ट्रान्सफर केसची आतली चक्रं फिरतील, पण दोन्ही लांब शाफ्ट आणि डिफरेन्शियल स्थिर असतील. आवाज इथेच आला तर दोष पुढच्या अर्ध्या भागात. भार नसल्यामुळे बारीक आवाज या तपासणीत कधी कधी लपतो, हे लक्षात ठेवा.

मग रस्त्यावर. जो आवाज पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरमध्ये आहे पण चौथ्यात जवळजवळ नाहीसा होतो, तो गिअरबॉक्सच्या खालच्या शाफ्टचा. चौथा गिअर थेट असतो, त्या शाफ्टवर तेव्हा भार येत नाही. मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगाला क्लच दाबून गिअर न्यूट्रल करा. आवाज तसाच राहिला तर तो बहुधा डिफरेन्शियलचा, चाकाच्या बेअरिंगचा किंवा टायरचा. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाचा सूर बदलला, तर टायर. चिखलाचे जाड दातांचे टायर डांबरावर जे गातात, त्यापायी कित्येक चांगले डिफरेन्शियल विनाकारण उघडले गेले आहेत.

अ‍ॅक्सिलरेटर सोडला किंवा दाबला की खालून 'ठक्' असा आवाज येतो. डिफरेन्शियल गेला का?

बहुतेक नाही. हा आवाज सगळीकडच्या थोड्या थोड्या प्लेची (ढिलेपणाची) बेरीज असतो. कुठल्या जागी प्ले जास्त आहे, ते शोधायचं.

मागचं एक चाक जॅकने उचला, ॲक्सलखाली घोडी लावा, बाकी चाकांना उट्या. छोटा दांडा २-एचवर, गाडी गिअरमध्ये. (२-एच म्हणजे फक्त मागची चाकं ओढतात, ४-एच म्हणजे चारही, ४-एल म्हणजे चारही, पण कमी वेगात जास्त जोराने.) एकाने चाक हाताने पुढे-मागे हलवायचं आणि दुसऱ्याने खाली सरकून बघायचं की ती हालचाल कुठे जिरते. चाक हललं पण पिनियनची (डिफरेन्शियल फिरवणाऱ्या छोट्या चक्राची) फ्लँज हलली नाही, तर प्ले डिफरेन्शियलच्या आत. फ्लँज हलली पण शाफ्टची नळी हलली नाही, तर क्रॉस. शाफ्ट फिरला आणि पलीकडची फ्लँज उशिरा फिरली, तर मधली सरकणारी स्प्लाइन किंवा पुढचा क्रॉस. आखूड शाफ्टचे दोन क्रॉस बघायला विसरू नका. ते वर, आत, चिखलात असतात आणि ग्रीस गन तिथे सरळ पोचत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कोरडे राहतात.

क्रॉस संपलाय याची खूण डोळ्यांनी दिसते. टोपीच्या कडेला लालसर, सुकी, पिठासारखी गंजाची पूड जमलेली असते. आतल्या सुया कोरड्या पडून घासल्या की ती बाहेर येते. अगदी हळू चालताना येणारा 'चिक-चिक-चिक', जो वेगाबरोबर जलद होतो, तोही यांचाच. ग्रीस भरताना चारही टोप्यांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारा. तीनच बाजूंनी आलं तर चौथी सुई-टोपी उपाशीच आहे, तो क्रॉस बदला.

आणि क्रॉस ठीक असतील, तर ट्रान्सफर केसची रबरं बघा. एकाला ब्रेकवर पाय ठेवून पहिल्या गिअरमध्ये क्लच हलकेच सोडायला सांगा आणि बाजूला उभं राहून बघा. गाडीच्या पुढे-मागे कुणी उभं राहू नये. ट्रान्सफर केस जागचा उसळत असेल तर रबर फाटलंय. हे स्वस्त काम आहे आणि यातून तीन तक्रारी एकदम सुटतात: ठक् आवाज, थरथर आणि छोटा दांडा आपोआप निसटणं.

साठ-सत्तरच्या वेगाला गाडी थरथरते, त्याहून कमी-जास्त वेगाला ठीक असते. का?

चाकांचं बॅलन्सिंग झालं असेल तर शाफ्टकडे बघा. पुढच्या चाकांचे हब फ्री करण्याची (चाक ॲक्सलच्या शाफ्टपासून सोडवण्याची) सोय असलेली गाडी असेल तर दोन्ही हब फ्री करून चालवा. थरथर गेली तर पुढचा शाफ्ट दोषी. हबऐवजी नुसती फ्लँज असेल तर पुढचा शाफ्ट सोडवून बाजूला ठेवा आणि २-एचमध्ये चालवून बघा.

क्रॉस नुकतेच बदलले आणि थरथर तेव्हापासूनच सुरू झाली, तर शाफ्टचे दोन तुकडे सरकत्या स्प्लाइनवर चुकीच्या दाताला बसवले असण्याची शक्यता मोठी. दोन्ही टोकांचे काटे एकाच सरळ रेषेत हवेत. क्रॉस वाकडा चालताना दर फेऱ्यात वेग किंचित कमी-जास्त करतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस त्याची भरपाई करतो, पण काटे रेषेत असतील तरच. म्हणून खोलण्याआधी छिन्नीने किंवा पांढऱ्या रंगाने दोन्ही तुकड्यांवर आणि फ्लँजवर खुणा करा. मेकॅनिक 'लक्षात राहतं' म्हणाला तरी करा.

मागून बारीक 'ऊंऽऽ' असा आवाज येतो. क्राऊन-पिनियन बदलायचे का?

आवाज कधी येतो ते आधी नोंदवा. अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी ओढताना येतो, पाय सोडला की जातो: दातांचा संपर्क बिघडलाय. ओढताना शांत, पाय सोडल्यावर येतो: पिनियनची बेअरिंगं ढिली झाली असण्याची शक्यता आधी बघा, कारण ती बदलून सेट केलं तर जुनेच दात काही वर्षं जातात. फक्त वळणावर येतो: आतली छोटी चक्रं किंवा चाकाचं बेअरिंग.

बदलायची वेळ आलीच, तर क्राऊन (मोठं चक्र) आणि पिनियन जोडीनेच घ्या. ते कारखान्यात एकमेकांबरोबर घासून जुळवलेले असतात. एका गाडीचा पिनियन आणि दुसऱ्या गाडीचा क्राऊन लावून 'शांत चालेल' असं कुणी सांगितलं तर गाडी तिथून काढा. शिम (पातळ चकत्या) लावून खोली आणि बॅकलॅश (दातांमधली फट) सेट करणं हे मोजमापाचं काम आहे. डायल गेज नसलेल्या ठिकाणी ते होत नाही.

आणखी एक. पिनियनचं ऑइल सील बदलताना मोठा नट एअर गनने कसायची सवय फार वाईट. त्या नटाच्या कसण्यावर बेअरिंगचा दाब ठरतो. काढण्याआधी नट आणि शाफ्टवर खूण करून, बरोबर त्याच खुणेवर परत आणायचा. 'सील बदललं आणि महिन्याभरात डिफरेन्शियल आवाज मारायला लागला' या तक्रारीच्या मागे पुष्कळदा तो नटच असतो.

गिअर निसटतो, किंवा दांडा हातात ढिला लागतो.

दांडा सगळीकडे लोंबकळत असेल तर आनंद माना. दांड्याच्या बुडाशी बुश असतं, ते झिजलं किंवा फुटलं की असं होतं. बुश किरकोळ किमतीचं, काम वरूनच होतं.

एकच ठरावीक गिअर, विशेषतः उतारावर पाय सोडल्यावर निसटत असेल, तर गोष्ट आतली आहे: फोर्क, दाबाची गोळी-स्प्रिंग किंवा गिअरच्या हबचे झिजलेले दात. इथे बॉक्स उतरवावा लागतो. त्याआधी गिअरबॉक्सची माउंटिंग रबरं आणि दांड्याचा रबरी बूट एवढं मात्र बघून घ्या. कडक झालेला बूट दांड्याला मागे ओढतो, हे हास्यास्पद वाटलं तरी घडतं.

रिव्हर्स टाकताना 'कर्रर्र' होतं, तर गिअरबॉक्सला दोष देण्याआधी क्लच पूर्ण सुटतोय का ते बघा.

क्लचचं कसं ओळखायचं?

जिप्सीचा क्लच केबलवर चालतो. पेडलला मोकळी हालचाल साधारण दोन-तीन सेंटिमीटर हवी. ती शून्य झाली की रिलीज बेअरिंग कायम दाबलेलं राहतं आणि प्लेट घसरायला लागते. केबल लावून ती हालचाल आणली तरी घाटात इंजिन ओरडतंय आणि गाडी वाढत नाही, तर प्लेट संपली.

क्लच सोडताना गाडी धडधडत उचलत असेल तर प्लेटवर तेल आलं असावं. बेल हाऊसिंगच्या खालच्या भोकातून आलेला थेंब बोटावर घ्या आणि वास घ्या. गिअर ऑइलचा वास हिंगासारखा उग्र असतो, त्यातल्या गंधकामुळे. तसा वास आला तर गिअरबॉक्सचं पुढचं सील. काळं, जळकट वासाचं असेल तर इंजिनच्या क्रँकचं मागचं सील. बॉक्स उतरवलाच आहे तर दोन्ही सीलं, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग एकदमच बदला.

तेल कोणतं? गॅरेजवाला सगळीकडे 'नव्वद नंबर' टाकतो.

नव्वद नंबर म्हणजे नुसता जाडपणा. डब्यावर जीएल-४ लिहिलंय की जीएल-५, ते बघा. डिफरेन्शियलमधले दात एकमेकांवर घसरत चालतात, त्यांना जीएल-५ लागतंच. गिअरबॉक्सला जीएल-४. जीएल-५ मधलं जादा दाब सोसणारं मिश्रण जुन्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या) मानवत नाही, शिवाय रिंगला गिअर पकडायला जे घर्षण लागतं तेच कमी होतं. गिअर जड पडतो, मग लोक रिंगा बदलतात. ट्रान्सफर केसमध्ये लिटरभरही तेल मावत नाही, त्यामुळे थोडी गळतीसुद्धा तिथे लवकर भोवते.

तेल बदलताना आधी वरचा भरायचा बोल्ट सोडवा, मग खालचा. खालून सगळं तेल काढलं आणि वरचा बोल्ट गंजून अडकलेला निघाला, तर गाडी तिथेच बसते. काढलेलं तेल बोटांत चोळून बघा. बारीक करडी पूड चालते. चिमटीत धरता येईल असा तुकडा चालत नाही.

४-एच घातलं तरी पुढची चाकं ओढत नाहीत.

हब बघा. दोन्ही लॉकवर हवेत. एक लॉक आणि एक फ्री राहिला तर डिफरेन्शियल सगळी फिरकी फ्री बाजूला देतो आणि गाडी मागच्या चाकांवरच राहते. दोन्ही लॉक दिसत असूनही ओढत नसेल तर हब आतून जाम झाला असेल. खोलून साफ करा, ग्रीस पातळ थरानेच लावा, ठासून भरलं की हब अडकतो.

४-एच किंवा ४-एल निघतच नाही.

डांबरावर चालवली होती ना? जिप्सीत पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये मधला डिफरेन्शियल नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीवर चाकं घसरून तो फरक निघून जातो, डांबरावर निघत नाही आणि शाफ्टांमध्ये पीळ साठतो. त्या पिळाने दांडा जाम होतो. हातोडी घेऊ नका. रिव्हर्समध्ये थोडं सरळ मागे जा, क्लच दाबून दांडा हलवा, निघेल. नाही निघाला तर एक पुढचं चाक जॅकने उचला, पीळ सुटताना चाक झटक्याने फिरतं, हात लांब ठेवा. चार टायर वेगवेगळ्या झिजेचे असतील तर सरळ रस्त्यावरही हेच होतं.

एक चाक हवेत गेलं की तेच फिरत बसतं. बिघाड आहे का?

नाही. साधा डिफरेन्शियल असाच चालतो. हँडब्रेक एक-दोन दात ओढून हळू अ‍ॅक्सिलरेटर द्या, फिरणाऱ्या मागच्या चाकाला थोडा अडसर झाला की दुसऱ्याला जोर मिळतो.

पूर्ण वळवून चालवताना पुढून 'कट-कट' येतं. आणि नकलवरून (पुढच्या चाकाच्या वळणाऱ्या सांध्यावरून) तेल ओघळतंय.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण एकाच जागी. कट-कट म्हणजे नकलच्या आतला सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही फिरवणारा सांधा), गोळ्यांच्या खाचा खाल्ल्या गेल्यात. ४-एलमध्ये पूर्ण वळवलेलं चाक आणि वर जोराचा अ‍ॅक्सिलरेटर, हा त्याला मोडायचा हमखास मार्ग.

नकलच्या आत जाड ग्रीस असायला हवं. तिथून पातळ, काळपट तेल येत असेल तर ॲक्सलचं आतलं सील गेलंय आणि डिफरेन्शियलचं तेल नकलमध्ये शिरून ग्रीस धुऊन काढतंय. बाहेरचं फेल्ट आणि रबर बदलून हे थांबत नाही. पण तेच बदललं जातं, कारण तेवढंच दिसतं. खोललंच आहे तर वरखालची किंगपिन बेअरिंगंही बघा. स्टिअरिंग खड्ड्यात हात झटकत असेल तर कारण तिथेही असू शकतं.

सील तीनदा बदललं, तरी गळतंच.

ब्रीदर साफ केला का? प्रत्येक ॲक्सलवर हवा जायला-यायला छोटी नळी किंवा टोपी असते. धुळीने ती बुजली की तेल तापल्यावर आत दाब वाढतो आणि दाबाला सगळ्यात सोपी वाट म्हणजे सील. ताडोब्याच्या मार्च-एप्रिलच्या धुळीत दिवसाला दोन फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा ब्रीदर वर्षभर मोकळा राहील अशी अपेक्षाच करू नये. ब्रीदर मोकळा असूनही गळत असेल तर शाफ्टवर सील जिथे घासतं तिथे नख फिरवा. खाच लागली तर नवं सीलही गळणार. सील किंचित आत-बाहेर बसवून नव्या जागेवर आणा, नाहीतर शाफ्ट किंवा फ्लँज बदला.

ओढ्यातून गेलो. काय तपासू?

गरम ॲक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. म्हणून शक्य असेल तर पाण्यात उतरण्याआधी गाडी थोडी थंड होऊ द्या. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेऊन बांधा, पावसाळ्यात सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी तरी हे करावंच.

परत आल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी खालचा बोल्ट अगदी थोडा ढिला करा. पाणी तळाशी बसलेलं असतं, ते आधी येतं. तेल दुधाळ दिसलं तर पूर्ण बदला, थोडं चालवून पुन्हा एकदा बदला. पुढच्या चाकांची बेअरिंगं आणि नकलही उघडून बघायला हवीत. खाऱ्या पाण्यात गाडी घालू नका. कोकणातल्या वाळूवर काढलेल्या फोटोंची किंमत हब आणि बेअरिंगं मोजतात.

मोठे टायर आणि लिफ्ट लावल्यापासून तक्रारी वाढल्या.

वाढणारच. मोठ्या चाकाला फिरवायला जास्त जोर लागतो आणि तो सीव्ही जॉइंट आणि अर्ध्या शाफ्टवर (डिफरेन्शियलपासून चाकापर्यंतच्या) पडतो. लिफ्टमुळे क्रॉसचा कोन वाढतो. कोन वाढला की पिनियन आणि ट्रान्सफरच्या फ्लँजा समांतर आहेत का ते मोजून घ्या, आणि ब्रीदरची नळी, ब्रेकचे पाइप ताणले जात नाहीत ना तेही. मूळ मापाचे टायर आणि चांगले पाटे असलेली जिप्सी कुठे कमी पडते, हे माझ्या फारसं लक्षात आलेलं नाही.

सफारीची गाडी आहे. मोठं काम कधी काढावं?

पावसाळ्यात कोअर (जंगलाचा आतला मुख्य भाग) बंद असतो तेव्हा. ताडोब्याच्या मंगळवारच्या सुट्टीत ग्रीस, ब्रीदर आणि तेलाची पातळी होते, त्याहून मोठं काम मंगळवारात कोंबू नका. आणि फोर बाय फोर कधी लागत नसेल तरी महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर ४-एच, ४-एल घालून थोडी सरळ चालवा. न वापरलेला दांडा जाम होतो आणि तो नेमका चिखलात अडकल्यावर कळतो. ४-एच हळू चालत्या गाडीत पडतो, ४-एल मात्र गाडी पूर्ण थांबवूनच.

सुटे भाग मिळतात का?

२०१९ पासून नवी जिप्सी सामान्य ग्राहकाला मिळत नाही, पण झिजणारे भाग अजून मिळतात. सीलं, बेअरिंगं आणि क्रॉस नावाजलेल्या बेअरिंग कंपनीचेच घ्या. बेअरिंगवर नंबर असतो, तो घेऊन गेलात की गाडीच्या नावाचीही गरज नसते. क्राऊन-पिनियन, ट्रान्सफर केसची चक्रं यांसाठी मुंबईत कुर्ला आणि दिल्लीत काश्मिरी गेट इथे लोक जातात. जुना डिफरेन्शियल घेताना दातांची संख्या मोजा. पुढच्या आणि मागच्या डिफरेन्शियलचं गुणोत्तर सारखंच हवं. ४१० चा एक आणि किंगचा एक असं झालं तर ४-एच घातल्याक्षणी दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडायला लागतात.

वाटेत मागचा शाफ्ट किंवा क्रॉस तुटला तर?

घरी येता येतं. उट्या लावा, मागचा शाफ्ट दोन्ही टोकांनी सोडवून गाडीत टाका. दोन्हीकडे फ्लँज असल्यामुळे ट्रान्सफर केसमधलं तेल सांडत नाही. हब लॉक करा, ४-एच घाला आणि पुढच्या चाकांवर हळू चला. मागे शाफ्टच नसल्यामुळे डांबरावर पीळ बसत नाही. वळणावर अ‍ॅक्सिलरेटर देऊ नका, चढावर पुढची चाकं घसरतील. उभी करताना गिअरमध्ये ठेवली तरी ४-एच काढू नका, नाहीतर गाडीला धरायला हँडब्रेकशिवाय काही उरत नाही.

मागच्या ॲक्सलमधला अर्धा शाफ्ट तुटला असेल, तर मात्र हा उपाय करू नका. चाक त्याच शाफ्टवर बसलेलं असतं आणि ते बाहेर येऊ शकतं. ती गाडी उचलूनच न्यायची. १२ आणि १४ चे पाने, फ्लँजचे चार-पाच जादा बोल्ट-नट आणि एक क्रॉस सीटखाली ठेवा.